हात उठला का?

नवा गहू घराघरांत येऊन पडला, गिरणीच्या दारात डब्यांची रांग लागली, आणि नेमक्या त्याच आठवड्यात सून नातीला काखोटीला मारून माहेरी निघून गेली. भांडून गेली असती तर गिरणीवालीला बरं वाटलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. ही शांतपणे उभी राहिली, पिशवीची चेन ओढली आणि म्हणाली, "आई, बाबांचा खोकला एकदा तपासून घ्या. तोवर भिंगरीला मी इथं ठेवणार नाही."

"अगं, पिठात जन्म गेला त्यांचा. खोकणार नाहीत तर काय गाणार?"

"पिठाचा असेल तर तसं कळेल. तपासायला काय जातं?"

काय जातं ते सुनेला माहीत नव्हतं असं नाही. गिरणीवाल्याची अब्रू आधीच अर्धी गेलेली होती. उरलेल्या अर्धीवर घर चाललं होतं.

पहिली अर्धी दारूत गेली. गिरणी बंद करून तो जो बसायचा, तो घरी येताना भिंतींना विचारत यायचा. मग एका सकाळी मोरीत रक्ताची उलटी झाली आणि मोठ्या दवाखान्यात सांगितलं, लिव्हर आक्रसलंय, आता एक थेंबही नाही. त्यानं खरंच सोडली. पण लिव्हर काही माफी मागितल्यावर सोडणारं नव्हतं. पोटात पाणी साठायला लागलं, पायांवर बोट दाबलं की खळगा राहायचा, दंडांच्या काड्या झाल्या. पायजम्याच्या नाडीची गाठ दर महिन्याला टोकाकडं सरकत होती. "दारू सुटली आणि पोट सुटलं," असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत, आणि तोही हसायचा. हसला की खोकला यायचा.

खोकला आला की दळणाला आलेल्या बाया पदर तोंडाला लावायच्या. पिठासाठी लावल्यासारखं दाखवायच्या, पण पीठ काय आजचं उडत नव्हतं.

शिंपीण सगळ्यांत आधी फुटली. डबा रांगेत ठेवलेला उचलला आणि म्हणाली, "राहू दे गं आज, आहे घरात अजून." दुसऱ्या दिवशी तोच डबा डोक्यावर घेऊन ती पलीकडच्या गावाच्या रस्त्याला लागलेली गिरणीवालीनं पाहिली. त्या गावातही गिरणी होती. शिंपिणीनंही हिला पाहिलं. दोघींनी एकमेकींना हात केला. बायकांचं असंच असतं, पाठीत सुरी घालतानाही आधी जेवलीस का विचारतात.

शेवटी आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंना बोलावणं गेलं. ठेंगणी, भराभर चालणारी बाई. तिनं गिरणीवाल्याला पोत्यावर बसवलं, डावा हात उताणा केला, कोपराच्या खाली कातडीत बारीक सुई टोचली. मसुरीएवढा फुगा आला आणि बसला. तिनं त्याच्याभोवती पेनानं गोल काढला.

"चोळायचं नाही. खाजवायचं नाही. परवा येऊन बघते."

"काय बघणार?" त्यानं विचारलं.

"आत टीबीचे जंतू शिरलेत का, ते कातडी सांगते."

ते दोन दिवस गिरणीवाला बाही मनगटापर्यंत ओढून गिरणी चालवत होता. उकाडा असा, की दगडांजवळ उभं राहिलं तर घामात पीठ भिजून कपाळावर पापुद्रे धरायचे. गोल कुणाला दिसू नये म्हणून तो डाव्या हातानं काही उचलतच नव्हता. उजव्या हातानं धान्य ओतायचा, उजव्यानं पीठ चिमटीत धरून जाडं-बारीक बघायचा. डावा हात घरात पाहुणा आल्यासारखा नुसता बाजूला.

नर्सबाई आल्या तेव्हा गिरणी नुकतीच थांबली होती. एक दळण संपलं होतं, दुसरं ओतायचं होतं. दारात चार-पाच बाया. नर्सबाईंनी उंबऱ्यातूनच विचारलं, "काय काकू, हात उठला का?"

गिरणीवालीच्या हातातलं सूप थांबलं. मान खाली गेली. साऱ्या गावासमोर असं विचारतात का कुणाला? पण सरकारी बाई, उत्तर तर द्यायला हवं.

"नाही हो," ती हळूच म्हणाली. "दारू सोडल्यापासून एकदाही नाही."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग एकजण खुदकन हसली, आणि मग सगळ्याच. "अहो काकू," नर्सबाई कानकोंड्या होऊन म्हणाल्या, "सुईचा हात! सुजला का, असं विचारतेय मी!"

गिरणीवालीही हसली. काय करणार? पण हसताना तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो पाठमोरा होता, पोत्याचं तोंड सोडत होता, आणि पोत्याचं तोंड सुटलेलंच होतं. त्याचे कान लाल झाले होते. एकेकाळी त्या हातानं काय केलं ते गावाला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि बायकोच्या तोंडून, भर गिरणीत, इतक्या भोळेपणानं बाहेर पडणं वेगळं. तो आला, बाही वर केली आणि हात पुढं धरला. चोरी पकडलेल्या माणसासारखा.

नर्सबाईंनी गोलावरून बोट फिरवलं. परत फिरवलं. मोजपट्टी लावायला तिथं काही उंचवटाच नव्हता.

"काही नाही. बोटाला काहीच लागत नाही. पण काकू..."

हा 'पण' गिरणीवालीला ओळखीचा होता. आयुष्यात तिला जे जे भोगावं लागलं, ते सगळं कुणाच्या ना कुणाच्या 'पण'च्या मागून आलेलं होतं. तिनं हात लांबवला आणि स्विच दाबला.

पट्टा फटफटला, दगड गुरगुरले, गिरणी सुरू झाली. ज्यांच्या घरी गिरणी असते त्यांना कुणाला 'गप्प बस' म्हणावं लागत नाही. नर्सबाईंचे ओठ बराच वेळ हलत होते. गिरणीवालीनं कानाला हात लावला, ऐकू येत नाही असं दाखवलं, आणि मान डोलावली. नर्सबाईंनी हात हलवून मोठ्या रस्त्याची दिशा दाखवली, पुन्हा मान डोलावून घेतली आणि त्या गेल्या. त्यांना अजून तीन वाड्या फिरायच्या होत्या.

आता गंमत अशी, की गिरणीत जन्म काढलेल्या बाईला कानांची गरज नसते. ओठ हलले की तिला कळतं, 'बारीक दळ' म्हणाली की 'मध्यम'. नर्सबाईंचे ओठ काय म्हणाले तेही कळलं. 'यांचं लिव्हर खराब आहे, अशांचा हात उठत नाही कधीकधी. यावर विसंबू नका. मोठ्या दवाखान्यात दाखवा.' शब्द न् शब्द.

तिनं पुढच्या बाईचा डबा ओढला आणि दळण ओतलं.

मग मात्र तिनं कसर ठेवली नाही. दळणाला येईल तिला नवऱ्याचा हात धरून दाखवायची. "बघा. कोरा हात. डागसुद्धा नाही." तो बिचारा हात काढून द्यायचा आणि दुसरीकडं बघायचा. शिंपीणही आली. डोळे बारीक करून पाहिलं, जशी ती कापडाचा दोष बघते. "कोराच आहे गं," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी डबा रांगेत हजर. बरोबर तिचं धाकटं पोर. ते रिकाम्या डब्यावर बसून पाय आपटायचं आणि गिरणीवाला त्याला धान्य मोजायचं मापटं वाजवायला द्यायचा.

गिरणीवाली एसटीत बसून सुनेच्या माहेरी गेली.

"तपासलं," ती पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाली. "हात कोरा. आता तरी नातीला आजा भेटू दे, का अजून एखादी परीक्षा घ्यायची राहिलीय?"

सुनेची आई मध्ये काही बोलायला गेली, सुनेनं तिला डोळ्यांनी थांबवलं. "नर्सबाई काय म्हणाल्या?"

"काही नाही म्हणाल्या."

खोटं एकही अक्षर नव्हतं. सून उठली आणि पोरीचे कपडे आवरायला लागली. आवरता आवरता म्हणाली, "आई, राग मानू नका. मला भीती वाटली म्हणून गेले." सुनेनं माफी मागितलेली. असा दिवस सासूच्या आयुष्यात किती वेळा येतो? तिनं तो पोटभर जेवून घेतला.

भिंगरी आली आणि घर पुन्हा फिरायला लागलं. चार वर्षांची पोर, एका जागी बसेल तर नाव बदलावं. दुपारी गिरणी बंद असली की आजोबा रिकाम्या पोत्यांवर आडवा व्हायचा आणि ही त्याच्या पोटाला टेकून बसायची. पोटाचा नगारा वाजवायची. तो खोकला की हीसुद्धा त्याची नक्कल करत खोकायची, आणि दोघं हसायची. गिरणीवाली दारातून बघायची. बघून तिला आनंद व्हायचा, आणि मग आनंदाच्या मागून एक खडा टोचायचा. ती उठून पीठ चाळायला घ्यायची.

संध्याकाळी त्याचं अंग गरम लागायला लागलं. ती म्हणाली, उन्हाचं. रात्री सदरा घामानं भिजायचा. ती म्हणाली, उकाड्याचा. जेवण पुढं सरकवायचा. ती म्हणाली, पोटातल्या पाण्यानं. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडं एक कारण होतं, आणि कारण संपलं की ती नवं दळायची.

मग एका सकाळी पोतं उचलताना त्याचे गुडघे गेले. पोतं फुटलं, गहू रस्त्यापर्यंत पसरला. तो गव्हात बसून राहिला, तोंडाला रुमाल धरून, आणि जिचा गहू होता ती बाई "असू दे दादा, असू दे," म्हणत दाणे गोळा करत होती. ज्यानं गावाची पोती आयुष्यभर उचलली, त्याला दोन बायकांनी काखेत हात घालून उचललं. सुनेनं सासूला विचारलंही नाही. टेम्पोवाल्याला हाक मारली.

मोठ्या दवाखान्यातली डॉक्टर वयानं सुनेएवढीच होती. डोळे लाल, झोप न झालेली. तिनं पोटावर बोटं वाजवली, पाठीला नळी लावून ऐकलं, थुंकी मागितली, रक्त काढलं, पोटात सुई घालून पिवळट पाणी काढून घेतलं.

"टीबीची तपासणी कधी झाली होती?"

सून पटकन म्हणाली, "झाली ना. सुई टोचली होती. हात कोरा होता."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "कोरा हात म्हणजे टीबी नाही, असं यांच्या बाबतीत धरता येत नाही. जंतूची ओळख पटली की शरीर चिडतं, म्हणून हात सुजतो. लिव्हर असं झालं की शरीरात चिडण्याचीसुद्धा ताकद उरत नाही. रक्ताची एक तपासणी असते, तीही यांची धड हो नाही, धड नाही नाही, अशी येऊ शकते. म्हणून थुंकीतला जंतूच शोधायचा, फोटो बघायचा, पोटातलं पाणी बघायचं."

गिरणीवाला छताकडं बघत म्हणाला, "दगड गुळगुळीत झाला की दाणा तसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून दाणा टाकलाच नव्हता असं नाही."

"हं," डॉक्टर म्हणाली. "तसंच काहीसं."

रक्ताचं खरंच धड हो नाही, धड नाही नाही असं आलं. थुंकीत मात्र जंतू सापडले. औषधं आहेत, डॉक्टर म्हणाली, पण त्यातली काही लिव्हरलाच मारतात. म्हणून जपून निवडावी लागतील, सारखं रक्त तपासावं लागेल, एकही गोळी स्वतःच्या मनानं नाही. "आणि घरात लहान मूल आहे?"

सून पदरानं पोरीचं नाक पुसत होती. तो हात तिथंच राहिला.

भिंगरीला सुई टोचली तेव्हा ती रडली, मग हातावर पेनानं गोल काढला म्हणून खूश झाली. तिसऱ्या दिवशी तो गोल लाल, टणक, भरून वर आला होता, कोटाच्या मोठ्या बटणासारखा. पोर दवाखान्याच्या व्हरांड्यातून हात उंच धरून आजोबाच्या खाटेपाशी धावली. "आजोबा, माझा हात उठला! तुमचा नाही उठला, माझा उठला!"

बाकावरची अनोळखी माणसं हसली. गिरणीवाल्यानं खाटेवरून ते बटण पाहिलं. बोट पुढं केलं, आणि लावायच्या आधीच मागं घेतलं. मग त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. दारूच्या दिवसांतही त्याला इतकं लाजलेलं गिरणीवालीनं पाहिलं नव्हतं. तेव्हा दोष द्यायला दारू तरी होती.

पोरीच्या छातीचा फोटो स्वच्छ निघाला. जंतू शिरलाय, आजार अजून नाही, डॉक्टर म्हणाली. काही महिने गोळ्या द्यायच्या, न चुकता, म्हणजे होणारही नाही. सुनेनं ते दोनदा म्हणवून घेतलं आणि मग भिंतीला टेकून खाली बसली.

चार दिवसांनी नर्सबाई पोरीच्या गोळ्या घेऊन गिरणीवर आल्या. गिरणीवाला दवाखान्यातच होता. सून गिरणी चालवत होती, सासू दळणं लावत होती. नर्सबाईंना बघताच सून पुढं झाली आणि गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायला लागली.

"काही नाही म्हणालात तुम्ही! तुमच्या भरवशावर पोरीला घेऊन आले मी! कळत नव्हतं तर तसं सांगायचं ना बाई!"

नर्सबाई गोळ्यांची पिशवी छातीशी धरून उभ्या. "मी सांगितलं होतं गं. गिरणी चालू होती, काकूंना ऐकू गेलं नसणार. बंद करायला लावून सांगायला हवं होतं. थांबले नाही, चुकलंच माझं."

म्हणजे रस्ता मोकळा होता. चूक दुसऱ्या बाईनं आपण होऊन पदरात घेतली होती, नुसतं गप्प राहायचं होतं. गिरणीवालीनं हातातला डबा खाली ठेवला. तोंडात पीठ गेल्यासारखं झालं.

"ऐकू नव्हतं गेलं," ती म्हणाली. "दिसलं होतं."

"काय?" सून ओरडली.

"दिसलं होतं मला. ओठ दिसले. सगळं कळलं होतं."

सुनेनं स्विच बंद केला. दगडांत दाणे असताना गिरणी कुणी बंद करत नाही, परत सुरू करताना मोटर अडते. ते तिला सासूनंच शिकवलं होतं. दगड कण्हत थांबले. पट्टा दोनदा फडफडला आणि सगळं शांत झालं. हवेतलं पीठ हळूहळू खाली बसत होतं.

"आता बोला," सून म्हणाली.

गिरणीवाली बोलली. 'पण'पासून सुरू केलं आणि माहेरच्या तांब्यापर्यंत आली. "तू माफी मागितलीस तेव्हा सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "मला ती गोड लागली. मी खाल्ली." नर्सबाई जमिनीकडं बघत होत्या. सुनेचा चेहरा पिठानं पांढरा, त्यावर डोळ्यांखाली दोन ओल्या रेघा.

"बोल काहीतरी," सासू म्हणाली. "शिव्या दे."

"शिव्या देऊन माझ्या पोरीच्या हाताला काय होणारे?" सून पायरीवर बसली. मग म्हणाली, "शिंपिणीचं पोर रोज इथं बसायचं. तो रिकामा डबा त्याचाच."

गिरणीवालीनं त्या डब्याकडं पाहिलं.

"पिठातून नाही हं पसरत," नर्सबाई म्हणाल्या. "खोकल्याच्या हवेतून. जी पोरं इथं तासनतास बसायची तेवढी बघावी लागतील. मी जाते घरोघर, ते माझं कामच आहे."

"तुम्ही नका," गिरणीवाली म्हणाली. "हात मी दाखवत होते."

ती तशीच निघाली, केसांत पीठ, पायांत चप्पल नाही. वाटेत तिनं ठरवलं, हळू बोलायचं. शिंपिणीला आत बोलवायचं, दार लोटायचं, कानाशी सांगायचं. अब्रूचं बोलणं अब्रूनं बोलावं. शिंपीण दारातच मशीनवर बसली होती, दातांत दोरा.

"ये गं. दमलीस का? कसे आहेत?"

"त्यांना टीबी आहे," गिरणीवाली म्हणाली.

ती पुटपुटली असं तिला वाटलं होतं. पण गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून जिचा गळा घडलाय, तिच्या गळ्यात पुटपुट कुठून असणार? शब्द गल्लीच्या टोकापर्यंत गेले. समोरच्या घराची कडी वाजली. वरच्या खिडकीत एक डोकं आलं. पाण्याची घागर घेऊन चाललेली एकजण थांबली.

शिंपिणीनं दातांतला दोरा काढला. "ओरडतेस कशाला? आत ये."

गिरणीवालीनं पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, गळ्यातून नुसती हवा आली, काहीच बाहेर पडलं नाही. तिला दोनच आवाज येत होते, एक हा आणि एक काहीच नाही. गल्ली वाट बघत होती. बायका उंबऱ्यांवर आल्या होत्या. एकीच्या कडेवर पोर होतं, गिरणीवर खेळून गेलेलं.

"आत नको," ती म्हणाली, त्याच मोठ्या आवाजात. "इथंच सांगते. मी तुम्हाला जो कोरा हात दाखवला, तो खरा नव्हता. आणि ते मला माहीत होतं."

शिंपीण मशीनवरून उठली. गिरणीवालीला वाटलं, आता मारेल. मारावं, असंही वाटलं. शिंपीण तिच्या अंगावरून पुढं गेली, गल्लीत खेळणाऱ्या आपल्या पोराला दंडाला धरून ओढत आणलं, आणि एका हातानं त्याची बाही खांद्यापर्यंत वर केली, जणू सुई गिरणीवालीच्याच हातात होती.

"पुढं सांग," ती म्हणाली. "सगळं सांग. काय करायचं आता?"